आम्हाला दुसरी राणी नक्को

जून २०२१ मधली गोष्ट. हैदराबादच्या झूपार्कमधली राणी हत्तीण गेली, आणि घरातल्या आम्ही चौघांनी मिळून ठरवलं की हे आईला सांगायचं नाही.

कारण साधं होतं. राणी १९३८ ची. आमची आईही १९३८ ची. दोघींचं वय ८३. आई सगळ्यांना सांगायची, "मी नि राणी एका जोडीच्या." झूपार्कला गेलं की वाघ नको, सिंह नको, आधी राणीकडे. कठड्याला टेकून तिच्याकडे बघत राहायची आणि निघताना म्हणायची, "बरी दिसती आहे अजून. मग मीही बरीच आहे म्हणायची."

त्यात ती कोविडची दुसरी लाट. एप्रिलमध्ये माझे धाकटे मामा गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं. आईला पाठच्या भावाचं तोंडसुद्धा बघता आलं नाही. त्यानंतर ती बोलायची कमी झाली होती. मे महिन्यात बातमी आली की झूपार्कमधल्या आठ सिंहांना कोविड झालाय. देशात प्राण्यांना झाल्याची ती पहिलीच नोंद. आम्हाला ते नवलाचं वाटलं. आईनं एवढंच विचारलं, "आणि राणी?" म्हटलं, बरी आहे. तेव्हा ती खरंच होती. सिंहही पुढे बरे झाले. आणि महिन्याभरात राणी गेली.

दादा म्हणाला, "आईला सांगू नका, मनाला लावून घेईल." सून म्हणाली, पेपर लपवा. मी लपवला. चार दिवस सांगत राहिले, "पेपरवाला येत नाहीये गं, लॉकडाऊन आहे ना." आई "हौ" म्हणायची आणि जप करत बसायची.

पाचव्या दिवशी जेवताना ती शांतपणे म्हणाली, "राणीचं कळलं मला. पहिल्याच दिवशी. समोरच्या बाल्कनीतल्या काकू बोलल्या. तुम्ही सांगत नव्हता, म्हणून म्हटलं राहू द्यावं." मग भाताचा घास तसाच हातात धरून तिनं विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कोण होतं गं?"

मी म्हटलं, "तिचा माहूत असेल."

"असेल म्हणजे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. साठ वर्षं ज्या हत्तिणीला आम्ही आमची राणी म्हणत आलो, तिच्या माहुताचं नाव आमच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं. आज जे लिहिते आहे ते या एका प्रश्नामुळे.

मूळ गोष्ट सांगते. आमची मंडळी मूळची नांदेडकडची. आजोबा निजामाच्या काळात हैदराबादेत आले. आईचं माहेर सुलतान बाजारात, सासर काचीगुड्यात. तेव्हा झूपार्क नव्हतं. नामपल्लीच्या बाग-ए-आममध्ये थोडे प्राणी ठेवलेले असत. आई सांगायची की फ्रॉक घालत होते तेव्हापासून राणीला बघते आहे. परकराच्या वयात पोलिस अ‍ॅक्शन झाली, त्यातही आम्ही दोघी होतो, असं म्हणून हसायची. जणू दोघींनी मिळूनच निजामाला घालवलं.

१९५६ साली राज्यांची वाटणी झाली. मराठवाडा तिकडे गेला, हैदराबाद आंध्रात आलं. अण्णांच्या कचेरीतली निम्मी मराठी माणसं औरंगाबादला, मुंबईला बदली मागून गेली. काचीगुड्यातल्या आमच्या वाड्यातली तीन बिऱ्हाडं एका उन्हाळ्यात उठली. अण्णांनाही विचारलं होतं. आई सांगते, अण्णा दोन रात्री झोपले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "इथंच राहू." कारण दिलं नाही. आम्ही राहिलो. विवेक वर्धिनीत शिकलो, घरात मराठी, गल्लीत उर्दू, बाजारात तेलुगू बोललो, आणि कुठल्याही लग्नात पुण्याच्या पाहुण्यांनी "तुमची मराठी वेगळीच आहे हो" म्हटलं की हसून "हौ" म्हणायला शिकलो.

१९६३ मध्ये मीर आलम तलावाच्या बाजूला, बहादूरपुऱ्यात, नेहरू झूऑलॉजिकल पार्क उघडलं. बाग-ए-आममधले प्राणी तिकडे हलवले. राणी हलली, मोठं कासव हललं. म्हणजे राणीचीही बदलीच झाली, पण गावातल्या गावात. आईला याचं फार बरं वाटलं होतं. "ती पण इथंच राहिली," असं ती म्हणायची. लहानपणी मला हे वाक्य कळायचं नाही. आता कळतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. झूपार्कला जाणं म्हणजे दिवसभराचं काम. आदल्या रात्री दशम्या, शेंगाची चटणी, लसणाचं लोणचं. सिकंदराबादहून आत्या यायची. पुढे बरीच वर्षं ती सात झेडच्या डबलडेकरनं आली, आणि वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून आले हे सांगितल्याशिवाय पाणी प्यायची नाही. फाटकातून आत गेलं की जागाच जागा. पावणेचारशे-ऐंशी एकरांचा पसारा, आंब्या-चिंचेची झाडं, मोठे दगड, आणि पिंजऱ्यांऐवजी खंदकापलीकडे मोकळे दिसणारे प्राणी. तेव्हा ते नवीन होतं. पुढे १९७४ मध्ये सिंहांची सफारी झाली, त्यासाठी जाळी लावलेल्या गाडीत बसून जायचं. गाडीत बसलेले आपण पिंजऱ्यात आणि सिंह बाहेर, यावर आमचे अण्णा दरवेळी तोच विनोद करायचे आणि आम्ही दरवेळी हसायचो.

अण्णांचे एक मित्र झूपार्कच्या मागच्या अंगाला राहायचे. त्यांच्याकडे मुक्काम असला की पहाटे डरकाळी ऐकू यायची. ते म्हणायचे, "आमच्याकडे कोंबडा नसतो, सिंह असतो."

हे सगळं गोड आहे. पण गोड तेवढंच सांगितलं तर मी अर्धं सांगितलं असं होईल.

एकदा मगरीच्या तळ्यापाशी आम्ही उभे होतो. मगर हलत नव्हती. आजूबाजूची पोरं खडे मारत होती, जिवंत आहे का बघायला. माझ्या दादानंही एक उचलून मारला. पाठीवर लागला. मगरीनं डोळा उघडला आणि परत मिटला. आईनं तिथंच, चारचौघांत, दादाच्या कानशिलात दिली. अण्णा म्हणाले, "अगं, लहान आहे." आई म्हणाली, "तिला पण कुणीतरी लहानपणी आणलं असेल." दादा आज ७० चा आहे. झूपार्कची आठवण काढली की तो राणीबद्दल बोलत नाही, त्या खड्याबद्दल बोलतो.

आणि राणीच्या पायातली साखळी. ती आम्हाला दिसत होती. फोटोत दिसते आहे. माझ्याकडे १९७१ चा एक काळापांढरा फोटो आहे. आई, आत्या, मी दोन वेण्या घालून, मागे राणी. इतकी वर्षं त्या फोटोत मी फक्त आईची साडी बघत होते. राणी गेल्यानंतर फोटो काढून नीट बघितला, तेव्हा पहिल्यांदा नजर खाली गेली.

मिरवणुकांचंही तसंच. मोहरमला बीबी का अलम हत्तीवरून निघतो. आषाढात बोनालूच्या मिरवणुकीतही घट हत्तीवरून जातो. जुन्या शहराचं मोठेपण हेच की दोन्हीकडे हत्ती लागतो आणि दोन्हीकडे लोक त्याला हात जोडतात. आम्ही गॅलरीतून बघायचो, अंगावर काटा यायचा. ढोल, मातम, गर्दी, जुलैची दमट हवा, खाली तापलेला डांबरी रस्ता, आणि त्यातून ते जनावर शांतपणे चाललेलं. आम्हाला वाटायचं, किती गुणी आहे. त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न आमच्या गॅलरीत कुणी विचारला नाही.

हे लिहायचं कारण माझा मुलगा. तो बेंगळुरूला असतो. राणी गेल्यावर मी घरच्या ग्रुपवर तिच्याबद्दल चार ओळी टाकल्या. सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी पाठवले. ह्यानं मला वेगळा फोन केला. म्हणाला, "आई, रागावू नकोस. पण आयुष्यभर बांधून ठेवलेल्या हत्तिणीबद्दल आपण आता गहिवरायचं, यात मला थोडं ढोंग वाटतं. तुमची मजा होती ती. तिची नव्हती."

राग आला. दोन दिवस बोलले नाही. मग विचार केला की तो खोटं काय बोलला?

रानातल्या हत्तीचं जगणं वाचलं तर त्याचं म्हणणं पटतं. हत्तिणी कळपात राहतात. कळपाची पुढारी म्हातारी हत्तीण. आई, मावश्या, मुली, नाती, सगळ्या जन्मभर एकत्र. पाणी कुठल्या उन्हाळ्यात कुठं टिकतं हे म्हातारीला ठाऊक असतं, बाकीच्या तिच्यामागून जातात. दिवसाचा बहुतेक वेळ चालणं आणि खाणं. यातलं कितीसं कठड्यामागे देता येईल? म्हणूनच २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं आदेश काढला की प्राणिसंग्रहालयांतले हत्ती अभयारण्यांत, राष्ट्रीय उद्यानांत, वनखात्याच्या हत्तींच्या छावण्यांत हलवावेत. सगळीकडे ते झालं नाही. पण सरकारी कागदावरसुद्धा मान्य झालं की हत्ती ही बागेत ठेवायची चीज नाही. मुलगा जे म्हणत होता तेच.

तरीही माझं आणि त्याचं एका ठिकाणी जमत नाही. तो म्हणतो, चूक होती, तर आठवण काढत बसू नका. मी म्हणते, चूक होती म्हणूनच आठवण नीट काढली पाहिजे. साखळीसकट. माहुतासकट. खड्यासकट.

आमच्या घरांत कुणी गेलं की आपण काय करतो? तेरा दिवस त्या माणसाबद्दलच बोलतो. त्याला काय आवडायचं, कुणाशी पटायचं नाही, शेवटी काय खाल्लं, कोण होतं जवळ. चांगलं सांगतो, आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर हळूच वाईटही सांगतो. त्यातून ते माणूस पुरतं होतं. राणीच्या बाबतीत आपण फक्त पहिलं केलं, तेही इमोजीत. आईनं दुसरं विचारलं. शेवटी कोण होतं? भावाच्या वेळेला जे तिला विचारता आलं नव्हतं, ते तिनं हत्तिणीच्या निमित्तानं विचारलं. आणि आम्ही तिला लहान मुलासारखं वागवत पेपर लपवत बसलो होतो.

आई २०२३ च्या पावसाळ्यात गेली. घरीच, माझा हात हातात असताना. या प्रश्नाचं उत्तर निदान तिच्या बाबतीत मला देता येतं.

त्याच्या पुढच्या वर्षी, मार्च २०२४ मध्ये, झूपार्कमधलं गॅलापागोसचं मोठं कासव गेलं. वय १२५. तेही राणीसारखं बाग-ए-आममधून आलेलं. आम्ही लहान असताना त्याला दगड समजून त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचो आणि मग कुणीतरी ओरडायचं, "हलला, हलला!" १२५ वर्षं म्हणजे काय ते बघा. ते जन्मलं तेव्हा सहावा निजाम गादीवर होता. सातवा आला, गेला, संस्थान गेलं, आंध्र झालं, तेलंगण झालं, आणि ते आपलं पाला चावत राहिलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत नातू आला होता, सहा वर्षांचा. त्याला कासव बघायचंच होतं, कारण मागच्या वेळी पणजीनं दाखवलेलं. जायच्या आदल्या दिवशी त्यानं विचारलं, "ते आहे ना अजून?" सून पटकन म्हणाली, "अरे, ते त्याच्या गावी गेलं." तिचा हेतू चांगला होता. पण मला तो लपवलेला पेपर आठवला. मी त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, "गावी नाही गेलं. वारलं ते. दहाएक दिवस आजारी होतं. म्हातारं झालं होतं फार."

तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "पणजीसारखं?"

"हौ, पणजीसारखं."

"त्याच्याजवळ कोण होतं?"

खरं सांगते, हा प्रश्न त्याला कुणी शिकवला नव्हता. पोरांना तो आपोआप पडतो. आपणच त्यांना "गावी गेलं" शिकवतो आणि प्रश्न बुजवतो. मी म्हटलं, डॉक्टर होते, सांभाळणारे होते. या वेळी बातमी नीट वाचून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिथं दुसरं एक गॅलापागोस कासव होतं, तेही वयानं मोठं. नातवानं त्याला हात हलवून नमस्ते केलं आणि मला विचारलं, "ह्याला माहीत असेल का, तो गेला ते?" या प्रश्नाला मी "मला ठाऊक नाही रे" म्हटलं. आजीला ठाऊक नसतं हे पोरांना कळलं तर काही बिघडत नाही.

आता माझं म्हणणं सांगते. पटलं तर बघा.

पहिलं म्हणजे, प्राणी मेला तर मुलांना मेला म्हणून सांगा. आणि म्हाताऱ्यांनाही सांगा. "मनाला लावून घेतील" ही भीती बहुतेक वेळा आपल्याच मनाची असते. मृत्यूची पहिली ओळख घरातल्या माणसाच्या जाण्यानं होण्याआधी एखाद्या कासवाच्या जाण्यानं झाली तर ते बरंच म्हणायचं. नातवानं पणजीचं जाणं त्या दिवशी, कासवाच्या निमित्तानं, पहिल्यांदा तोंडानं म्हटलं. त्याआधी वर्षभर तो त्या विषयावर बोललाच नव्हता.

दुसरं, प्राणी हलवले जातात तेव्हाही सांगा. प्राणिसंग्रहालयं आपसात प्राण्यांची अदलाबदल करतात. एकाकडे नर जास्त, दुसऱ्याकडे मादी एकटी, मग देवाणघेवाण होते. ते योग्यच आहे, एकाच रक्ताची पिल्लं होऊ नयेत म्हणून लागतंच. पण माणसाची बदली झाली की कचेरीत हार, नारळ, फोटो, समोसे. प्राण्याची बदली झाली की पुढच्या वेळी आपण जातो तर जागेवर वेगळंच कुणीतरी. आमच्या पिढीतल्या मराठी कुटुंबांना तर हे कळायला हवं. १९५६ साली आमच्या वाड्यातून जी तीन बिऱ्हाडं गेली, त्यातल्या एका घरातली मुलगी आईची जिवाची मैत्रीण होती. निरोप नीट झाला नाही, पत्ता राहिला नाही. आई शेवटपर्यंत कधीतरी तिचं नाव घ्यायची.

तिसरं, नावं लिहून ठेवा. फोटोच्या मागे माणसांची नावं लिहितो तशी प्राण्याचीही लिहा. मी त्या १९७१ च्या फोटोमागे आता लिहिलंय, आई, आत्या, मी, राणी. प्रत्येक प्राणिसंग्रहालयाकडे जन्म, मृत्यू, आले-गेले यांच्या नोंदी असतातच, नियमानं दर वर्षी त्या द्याव्या लागतात. त्या नोंदींतून पाच-पंचवीस नावं काढून फाटकाजवळ एक साधी पाटी लावली तर किती बरं होईल. नाव, कुठून आला, किती वर्षं होता, कशानं गेला, सांभाळणारा कोण. पुतळा नको, फुलं नकोत. पाटी पुरे. सौदीच्या राजपुत्रानं भेट दिलेले चित्ते २०१३ मध्ये हैदराबादेत आले, तेव्हा अख्खं शहर बघायला लोटलं. त्यांतली मादी हिबा २०२० मध्ये गेली, नर अब्दुल्ला २०२३ मध्ये हृदय बंद पडून गेला. आले तेव्हा रांगा लावणाऱ्या किती जणांना ते गेल्याचं कळलं? आमच्या कॉलनीत मी विचारलं. एकालाही नाही.

आणि चौथं, जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. राणी गेल्यावर आमच्या सोसायटीत एक गृहस्थ म्हणाले, "आता एखादं छान पिल्लू आणायला पाहिजे. पोरांना हत्ती दाखवायचा कुठं?" त्यांचं वाईट नव्हतं. ते राणीवर प्रेम करणारेच. पण मला वाटतं, राणीवर खरंच प्रेम असेल तर आपण दुसरी राणी मागू नये. जे हत्ती आज आहेत त्यांची म्हातारपणं सुखात जाऊ द्यावीत, आणि नवीन मागू नये. एखाद्याच्या घरी आजी वारली म्हणून कुणी दुसरी आजी आणत नाही.

मग पोरांना दाखवायचं काय? दाखवायला पुष्कळ आहे. झूपार्कमध्येच पिसोरी हरणांची पैदास झाली. सशाएवढं, पाठीवर पांढरे ठिपके असलेलं, लाजरं जनावर. शास्त्रज्ञांनी आणि झूपार्कच्या माणसांनी मिळून त्यांची संख्या वाढवली आणि काही पिसोरी नल्लमलाच्या बाजूला, अमराबादच्या जंगलात नेऊन सोडली. माझ्या नातवाला मी ही गोष्ट सांगितली. त्याला आवडली, कारण यात प्राणी खरंच गावी गेला आहे. "गावी गेलं" हे वाक्य या एका ठिकाणी खोटं नाही.

मुलगा म्हणेल, मग झूपार्कच नको. मी इतकी पुढे जाणार नाही. ज्या पोरानं कधी जिवंत हत्तीचा वास घेतला नाही, त्याच्या डोळ्यांतली पापणी हलताना पाहिली नाही, ते मोठं होऊन हत्तींच्या जंगलासाठी भांडेल का, याची मला शंका आहे. आमच्या आईनं कानशिलात दिली नसती तर दादानं अजून चार खडे मारले असते. ती कानशिलातली त्याला झूपार्कमध्येच मिळाली. पण जागा कमी असलेल्या, एकटं पडणाऱ्या, चालायला मैल लागणाऱ्या प्राण्याला आपल्या रविवारासाठी आणू नये, एवढं तरी आपल्याला ठरवता येईल.

पुण्याचे माझे मामेभाऊ पेशवे पार्कातल्या सुमित्रा हत्तिणीची नि फुलराणीची आठवण काढतात. तिथले प्राणी पुढे कात्रजला गेले. बडोद्याची वहिनी कमाटीबागेचं सांगते, १८७९ ची बाग, सयाजीरावांनी बांधलेली. ग्वाल्हेरच्या फुलबागेतलं प्राणिसंग्रहालय १९२२ चं, शिंद्यांचं. म्हणजे आपल्या मराठी घरांत तीन-तीन, चार-चार पिढ्यांनी एकाच बागेत प्राणी बघितलेत. इतक्या आठवणी दुसऱ्या कुणाकडे नसतील. आपण त्या काढतोही, पण नेहमी आपल्याच. आपण कसे दिसत होतो, काय खाल्लं, कोण हरवलं होतं नि कुठं सापडलं. एकदा त्यांच्या काढू या. इंदूरच्या, बडोद्याच्या, ग्वाल्हेरच्या, बेळगावच्या, गोव्याच्या मंडळींनो, तुमच्या बागेतला कोण गेला? कोण हलवला गेला? त्याचं नाव काय होतं? त्याला सांभाळणाऱ्याचं नाव आठवतं का? खाली लिहा. साखळी होती तर साखळीही लिहा.

मी गेल्या महिन्यात एकटीच झूपार्कला जाऊन आले. गुडघे दुखतात म्हणून बॅटरीच्या गाडीत बसले. हत्तींच्या आवारापाशी उतरले. एक माहूत नळीनं पाणी मारत होता, पंचविशीतला असेल. त्याला दखनीत विचारलं, "राणीकू कौन संभालते थे, बेटा?" तो जरा बघत राहिला. मग म्हणाला, त्यांना जाऊन चार-पाच महिने झाले रिटायर होऊन, इथंच जवळ राहतात, आणि त्यानं नाव सांगितलं.

नाव इथं देत नाही, त्यांना विचारलेलं नाही. पण मी ते त्या फोटोच्या मागे राणीच्या नावाशेजारी लिहिलंय. पुढच्या रविवारी दादाला घेऊन त्यांच्या घरी जायचं ठरवलंय. शेवटी तिच्याजवळ कोण होतं, ते विचारायचं आहे. आईला सांगायला आता उशीर झाला. नातवाला सांगेन.